सनई : खोली क्रमांक ११२

घरच्या संगणकावर चाली बांधण्याचा उद्योग मी गेली काही वर्षे करीत आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये वाद्यांची एक यादी उघडते. नवख्याला वाटते, कुणी तरी सुचतील तशी नावे लिहिली असतील. पण त्या यादीमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या सनईवर झालेला थोडा अन्यायही आहे.

१९८३ साली 'मिडी' नावाची सांकेतिक भाषा प्रचारात आली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख शिल्पकार. कोणती पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली, एवढेच ती सांगते. आवाज ज्या त्या यंत्राने काढायचा. वाद्याचे नावही आकड्यानेच कळवायचे. मात्र आकड्यांचा अर्थ प्रत्येक कारखानदाराचा निराळा! एका यंत्रावर बासरीसाठी रचलेली चाल दुसऱ्यावर भलत्याच वाद्यात वाजू लागे. हा घोळ निस्तरण्यासाठी १९९१ साली 'जनरल मिडी'ची यादी ठरली. एकूण १२८ ध्वनी, त्यांची १६ कुटुंबे, प्रत्येक कुटुंबात ८. चाळच म्हणा ना! सोळा जिने, प्रत्येक जिन्यावर आठ खोल्या. पहिल्या खोलीत पियानो. शेवटच्या जिन्यावर समुद्राची गाज, पाखरांची किलबिल, टेलिफोनची घंटा. १२७व्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट आणि १२८व्या खोलीत बंदुकीचा बार.

आता सनई शोधा. ती पत्तीचे वाद्य, म्हणजे पत्तीवाल्यांच्या कुटुंबात, ६९व्या खोलीतल्या ओबोच्या शेजारी असायला हवी. दोघांच्या तोंडी दुहेरी पत्तीच असते. पण नाही! तिचे बिऱ्हाड थेट ११२व्या खोलीत, 'एथ्निक' नावाच्या जिन्यावर. शेजारी सतार, बँजो, जपानचा कोतो, आफ्रिकेतला कलिंबा. यांच्यात समान काय? आवाज तर नव्हे. सगळी 'परकी', एवढेच. गंमत अशी की व्हायोलिन ४१व्या खोलीत तंतुवाद्यांत मानाने बसले आहे, आणि तेच वाद्य खेड्यातल्या ढंगाने वाजवले, त्याला 'फिडल' म्हटले, की त्याची रवानगी १११व्या खोलीत! उलट टिंपनी हा नगाऱ्याचा विलायती भाऊबंद असूनही तंतुवाद्यांत ४८वा. तबल्याला तर या चाळीत जागाच मिळालेली नाही.

वाद्यांना कोणत्या कसोटीने एकत्र बसवावे, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी सुटला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच वर्ग आहेत : तारेचे ते तत, फुंकण्याचे ते सुषिर, कातडे मढवलेले ते अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखे ते घन. वाद्य कुठले, हे भरत विचारीत नाही. नाद कशातून निघतो, एवढेच विचारतो. १८७६ साली कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली. ती ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेली, आणि तिथल्या व्हिक्टर माहियों यांनी १८८०पासून प्रसिद्ध केलेल्या सूचीत वाद्यांचे वर्ग केले चारच, भरताशी जुळणारे. पुढे १९१४मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या पंडितांनी त्याच पायावर आपली पद्धती उभारली. जगभरच्या संग्रहालयांनी ती उचलली. पाऊणशे वर्षांनी संगणकाच्या चाळीत मात्र पुन्हा गावावरून खोल्या वाटल्या गेल्या!

यात नुसत्या नावाचा प्रश्न नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही ध्वनींचा गट केला, की त्या साऱ्यांचा आवाज एकाच दांडीने चढतो-उतरतो आणि सभागृहासारखी गुंजही सर्वांना मिळून देता येते. सनई आणि सतार एका गटात ठेवली, तर सनईची धार बोथट करताना सतारीची झणकारही मरते. पण गट पाडणे आपल्या हाती असते, हे या यंत्राचे उपकारच म्हणायचे. यंदा दिवाळीच्या पहाटेसाठी सनई-चौघडा बांधताना मी माझे गट भरताच्या हिशेबाने पाडले. सनई सुषिरात, बासरीशेजारी, चौघडा अवनद्धात. तबल्याचे बोल वेगळे ध्वनिमुद्रित करून तेही तिथेच ठेवले. अडली ती तंबोऱ्याच्या जागी वाजवलेली एक कृत्रिम गुंज. तिला ना तार, ना कातडे, ना फुंकर! माझ्या मुलीने तिच्यासाठी पाचवा गट उघडला आणि त्याचे नाव ठेवले 'पाहुणे'.