न दिसणारे पाते

थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला आणि १९६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स कॅम्पबेल यांनी तो एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ जाळण्यासाठी वापरला. मात्र माणकाचा तांबडा किरण रंगद्रव्य असेल तिथेच शोषला जातो आणि फिकट ऊतींमध्ये, म्हणजे शरीराच्या पेशीसमूहांमध्ये, पसरून जातो. त्यामुळे कापण्याच्या कामी तो फारसा आला नाही.

ही उणीव भरून काढणारा किरण रुग्णालयाबाहेर जन्मला. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित अधिक. हा अवरक्त किरण पाणी अधाशीपणे शोषते, आणि ऊतींमध्ये बहुतांश पाणीच असल्यामुळे किरण पडेल तिथली पेशी उकळून वाफ होते, खोलवरचा भाग बराचसा शाबूत राहतो आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच मिटतात. बोस्टनमध्ये स्ट्राँग आणि जाको या शल्यविशारदांनी हा किरण सूक्ष्मदर्शकाला जोडून स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियांसाठी वापरला व १९७२ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले.

गंमत अशी की हे पाते डोळ्यांना दिसतच नाही. ते कुठे रोखले आहे हे कळावे म्हणून हेलियम-निऑनच्या तांबड्या लेसरचा ठिपका त्याच्या सोबतीला द्यावा लागला. शिवाय ऊतीचा कठीणपणा वा मऊपणा हाताला सांगणारा स्पर्शही गेला. धार वाढली, पण ओळख घटली.

ओळखण्याची विद्या निराळ्याच वाटेने आली. १९२८ मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवले की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलतो आणि तो बदल त्या रेणूची खूण असतो. हा क्षीण संकेत सहज टिपता येण्यासाठी लेसरसारखा प्रखर, एकरंगी प्रकाश हवा होता. अशी खूण मेंदूच्या शस्त्रक्रियेत मोलाची ठरते, कारण मेंदूतील ग्लायोमा या गाठीला स्पष्ट कड नसते. थोडी उरली तर ती पुन्हा वाढते, जास्त काढली तर वाचा वा हालचाल जाण्याची भीती, आणि ऊतीचा काप गोठवून तपासायचा म्हटला तर रुग्ण टेबलावर असताना निकालाची वाट पाहावी लागते. माँट्रियलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हातात धरायची सळई मेंदूला टेकवून, रामन संकेतावरून कर्कपेशींची जागा क्षणात हेरली. ती सळई केवळ ओळखत असे; कापण्याचे काम शल्यविशारदाच्या नेहमीच्या हत्यारांकडेच राहिले.