ड्रॅगनच्या गळ्यातील कमरपट्टा

मुलांच्या इंग्रजी चित्रपुस्तकांत घोड्यावरचा वीर आणि आग ओकणारा ड्रॅगन यांची जोडी इतकी रुळून गेली आहे की, ही कथा मुळापासून मुलांसाठीच रचली गेली असावी, असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती उलट आहे. ती प्रथम धर्मोपदेशकांची होती, पुढे एका कवीची झाली आणि मुलांच्या हाती पुष्कळ उशिरा, पुष्कळ काही गाळून आली. काय गाळले गेले, हे सेंट जॉर्जच्या कथेत चांगले दिसते.

इसवी सन १२६० च्या सुमारास याकोबुस द व्होराजिने या इटालियन धर्मगुरूने संतचरित्रांचा लॅटिन संग्रह सिद्ध केला. ‘सुवर्णकथा’ या नावाने तो युरोपभर वाचला गेला आणि १४८३ मध्ये कॅक्स्टनने त्याचे इंग्रजी रूप छापले. त्यातील कथेप्रमाणे लिबियातील सिलेने नगराजवळच्या तळ्यात एक ड्रॅगन राहतो. त्याला रोज दोन मेंढ्या द्याव्या लागतात. मेंढ्या अपुऱ्या पडू लागल्यावर एक मेंढी आणि एक मनुष्य. माणसाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. नगरातील मुले संपत आली असता एके दिवशी चिठ्ठी राजकन्येची निघते. येथे वाचकांस एकचक्रा नगरीतील बकासुराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु एकचक्रेत पाळी येते ती गरीब ब्राह्मणाच्या घरावर, आणि तो आपल्या दुबळ्या राजाला बोल लावतो. सिलेनेत ती खुद्द राजवाड्यावर येते. सोने, रुपे, अर्धे राज्य देऊ करून राजा मुलीला वाचवू पाहतो, तेव्हा प्रजा खवळून उठते. नियम राजाने केला, त्या नियमाने आमची मुले गेली, मग आता त्याची का नको, असा तिचा सवाल असतो आणि वाडा जाळण्याची धमकीही ती देते. साऱ्या कथेतील सर्वांत खरा प्रसंग मला हाच वाटतो.

पुढे जॉर्ज येतो आणि भाल्याने ड्रॅगनला घायाळ करतो, पण ठार करीत नाही. तो राजकन्येला आपला कमरपट्टा त्या प्राण्याच्या गळ्यात बांधावयास सांगतो, आणि ड्रॅगन गरीब कुत्र्यासारखा तिच्या मागोमाग नगरात येतो. लोक भयभीत होऊन पळू लागतात. तेव्हा जॉर्ज सांगतो की, तुम्ही बाप्तिस्मा घ्या, म्हणजे मी याला मारतो. ही अट आज वाचताना खटकते. संकट निवारण्यापूर्वी ते वेशीच्या आत आणून उभे करावयाचे, ही उपदेशाची तऱ्हा काही निराळीच! लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाओलो उच्चेल्लो याचे १४७० च्या सुमाराचे चित्र आहे. त्यात भाला ड्रॅगनच्या डोक्यात घुसत असतानाच त्याच्या गळ्यातील दोरी राजकन्येच्या हातात आहे. दोन क्षण चित्रकाराने एकत्र आणले आहेत; पण ज्यास कथा ठाऊक नाही त्यास वाटावे, ही बाई आपले पाळीव जनावर फिरवावयास निघाली होती आणि हा उपटसुंभ मध्येच आडवा आला.

इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर संतांच्या अद्भुत कथा संशयास्पद ठरल्या. एडमंड स्पेन्सरने १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फेअरी क्वीन’ या काव्याच्या पहिल्या सर्गग्रंथात हीच कथा रूपकाच्या वेषात उभी केली. वीराच्या ढालीवर तांबडा क्रूस आला, राजकन्येचे नाव ऊना, म्हणजे एकमेव सत्य, असे झाले, आणि युद्ध तीन दिवस चालू लागले. चिठ्ठ्या गेल्या, संतप्त प्रजा गेली, कमरपट्टाही गेला. ऊना दूर उभी राहून पाहते. हा कवी आयर्लंडमध्ये इंग्रज सत्तेचा अधिकारी होता आणि मन्स्टरमधील जप्त जमिनीवर त्याची वस्ती होती. १५९६ च्या सुमारास लिहिलेल्या, पण १६३३ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या गद्य ग्रंथात त्याने आयरिश लोकांना उपासमारीने नमविण्याचा विचार थंडपणे मांडला आहे. ड्रॅगन कोणाला म्हणावयाचे, हे त्याच्यापुरते ठरलेले होते.

अमेरिकेत १९८४ मध्ये मार्गारेट हॉजेस यांनी याच स्पेन्सरवरून ‘सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगन’ हे पुस्तक लिहिले. त्यातील ट्रिना शार्ट हायमन यांच्या चित्रांस १९८५ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. ही चित्रे पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक पान जणू खिडकीच्या तावदानातून पाहावे तसे चौकटीत बसविले आहे आणि चौकटीत इंग्लंडची रानफुले उमललेली आहेत. हॉजेस यांनी रूपकाचा भार उतरविला, धर्मवाद वगळला आणि वीर नांगराच्या तासात सापडलेला मुलगा होता, एवढे मातीचे सूत्र मात्र राखले. यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. स्पेन्सरचा द्वेष मुलांच्या माथी मारण्याचे कारण नव्हते.

परंतु स्पेन्सरच्या वाटेने गेल्यामुळे सिलेनेची प्रजाही हरवली, याचे वाईट वाटते. कोणाचे मूल जावयाचे आणि कोणाचे राहावयाचे, हा प्रश्न मुलांना न कळण्याइतका अवघड नाही. खेळात राज्य कोणावर आले यावरून ती रोजच भांडतात. केनेथ ग्रॅहॅमने १८९८ मध्ये लिहिलेल्या गोष्टीत ड्रॅगन काव्यप्रेमी आहे आणि जॉर्जशी तो ठरवून लटकी लढाई खेळतो. शेवटी दोघे एका मुलासह हातात हात घालून घरी जातात. कमरपट्ट्याची थोडीशी आठवण तेथे उरली आहे, असे म्हणता येईल.

स्पेन्सरला मात्र एका गोष्टीबद्दल सारे माफ करावेसे वाटते. ड्रॅगन मरून पडल्यावर गावकरी भीत भीत गोळा होतात. कोणी म्हणतो, अजून धुगधुगी असेल. कोणी म्हणतो, पोटात पिले असतील. तेवढ्यात एक धीट पोर पुढे सरसावून त्या मेलेल्या प्राण्याच्या नख्यांशी खेळू लागते, आणि त्याची आई अर्धमेली होऊन त्याच्यावर ओरडते.