वाळुंजाची साल आणि सांध्यांचें दुखणें

व्याधि जितकी जुनी तितके तिच्यावर उपाय फार, आणि उपाय जितके फार तितकी त्यांविषयींची खात्री कमी, असा वैद्यकाच्या इतिहासांत सर्वत्र अनुभव येतो. सांध्यांचें दुखणें हें याचें उत्तम उदाहरण होय. ज्या घरांत साठी उलटलेलें माणूस आहे, त्या घरांत निर्गुडीचा पाला, एरंडाचें पान, वाळूचा शेक, लसूण घालून कढविलेलें तेल, मेथीचे लाडू, सुंठीचा काढा यांपैकीं एखादी तरी वस्तु आढळतेच. आणि तिच्या शेजारींच औषधांच्या दुकानांतून आणलेली गोळीहि असते. पहिल्या प्रकारच्या उपायांस आपण नैसर्गिक म्हणतों, दुसऱ्यास कृत्रिम. आणि पहिले तेवढे निरुपद्रवी व दुसरे घातक असें गृहीत धरून चालतों. हा भेद मुळांत कितपत खरा आहे हें पाहण्यास इतिहासासारखें दुसरें साधन नाहीं. कारण ज्या गोळीला आपण कृत्रिम म्हणून नांवें ठेवतों, तिची वंशावळ नदीकांठच्या एका झाडाच्या सालीपर्यंत जाऊन पोंचते.

प्रथम आपल्याकडील परंपरा पाहूं. चरकसंहितेंत वातव्याधि आणि वातरक्त यांचें विवेचन चिकित्सास्थानांतील स्वतंत्र अध्यायांत आलें आहे. परंतु आमवात या रोगाला स्वतंत्र प्रकरण देण्याचा मान माधवकराच्या 'रुग्विनिश्चय' ऊर्फ 'माधवनिदान' या ग्रंथाकडे जातो. हा ग्रंथ साधारणपणें इ. स. च्या सातव्या-आठव्या शतकांतील मानतात. माधवकराचें म्हणणें थोडक्यांत असें : विरुद्ध आहारविहार, मंद झालेला अग्नि, हालचालीचा अभाव, किंवा स्निग्ध अन्न खाऊन लगेच केलेला व्यायाम यांमुळें अन्नाचा नीट परिपाक होत नाहीं, तो अपक्व 'आम' वायूनें प्रेरित होऊन सांध्यांत जाऊन बसतो. मग अंग मोडून येतें, तोंडाला चव राहत नाहीं, ज्वर येतो, अंगास जडपणा व सूज येते. आणि रोग बळावला म्हणजे हात, पाय, घोटे, गुडघे यांच्या सांध्यांत विंचवानें नांगी मारावी तशा वेदना होतात. आमाची उपपत्ति आजच्या शास्त्रास मान्य होवो वा न होवो, लक्षणांचें हें वर्णन ज्यानें लिहिलें त्यानें रोगी जवळून पाहिले होते याविषयीं शंका राहत नाहीं. विशेषतः हा रोग केवळ सांध्यांचा नव्हे, सबंध शरीराचा आहे, ही त्याची दृष्टि मोठी मार्मिक आहे.

या रोगाच्या उपचारांचा क्रम अकराव्या शतकांतील बंगाली वैद्य चक्रपाणिदत्त यानें आपल्या चिकित्साग्रंथांत घालून दिला : लंघन, स्वेदन, कडू व तिखट दीपन द्रव्यें, विरेचन, स्नेहपान आणि बस्ति. शेक द्यावयाचा तो तापलेल्या वाळूचा, म्हणजे कोरडा. एरंडेलाची तर या रोगावरील ग्रंथकारांनीं इतकी थोरवी गाइली आहे कीं, आमवाताच्या मत्त हत्तीपुढें त्याला सिंहाच्या जागीं बसविलें आहे. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या चिकित्सेंत एखादें एकटें औषध कोठेंच नाहीं. आहार, विहार, शेक आणि औषध मिळून ती चिकित्सा होते. आज त्या क्रमांतून एखादी मुळी वा एखादें तेल तेवढें उचलून बाटलींत भरतात आणि त्यावर 'प्राचीन उपाय' अशी चिठ्ठी लावतात. तो त्या प्राचीनांवर अन्यायच होय.

युरोपांत या दुखण्यांची वर्गवारी होण्यास फार काळ लागला. गिल्योम द बायू या फ्रेंच वैद्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४२ सालीं छापला गेला. त्यांत 'ऱ्हुमॅटिझम' हा शब्द सांध्यांच्या दुखण्यास प्रथमच लाविलेला आढळतो. १८४८ सालीं लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यानें गाउट झालेल्या माणसाच्या रक्तांत यूरिक आम्लाचें आधिक्य असतें हें दाखविलें आणि १८५९ सालीं दुसऱ्या एका सांधेविकारास 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' असें नांव दिलें. म्हणजे संधिवात हा एक रोग नव्हे, तें अनेक रोगांचें समाईक नांव आहे. म्हाताऱ्या गुडघ्याची झीज वेगळी, यूरिक आम्लाचे कण सांचून अंगठ्यास येणारी कळ वेगळी, आणि तरुण वयांतहि बोटांचे सांधे पोखरणारा ऱ्हुमॅटॉइड वेगळा. एकाच्या उपायानें दुसऱ्यास गुण येत नाहीं, या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळें 'अमक्याला लागू पडलें' या प्रमाणपत्रावर अनेकांनीं आपले सांधे गमाविले आहेत.

वनस्पति म्हणजे निरुपद्रवी हा समज खोडून काढण्यास सुरंजानाची हकीकत पुरेशी आहे. सहाव्या शतकांत ट्रॅलीज येथील अलेक्झांडर या ग्रीक वैद्यानें गाउटवर या वर्गांतील कंद सांगितला. युनानी वैद्यकानें त्यास सुरंजान या नांवानें मान दिला. पुढें अठराव्या शतकांत निकोला ह्यूसाँ नांवाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें गाउटवरील एक गुप्त औषधी पाणी विकून नांव मिळविलें. १८१४ सालीं जेम्स वाँट या इंग्रज वैद्यानें त्यांतील गुप्त द्रव्य म्हणजे कॉल्चिकम, अर्थात् सुरंजानच, हें उघडकीस आणलें. १८२० सालीं पॅरिसमध्यें पेल्त्ये आणि काव्हाँतू यांनीं त्यांतील सत्त्व वेगळें केलें. तें कॉल्चिसिन आजहि गाउटवर देतात. परंतु त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडें आहे. प्रमाण चुकलें कीं तोच कंद प्राण घेतो. निसर्गाला दया नाहीं व द्वेषहि नाहीं. त्याच्या भांडारांत औषध आणि विष अनेकदां एकाच कुपींत असतें.

आतां वाळुंजाकडे वळूं. आपल्याकडे ओढ्यानद्यांच्या कांठीं वाळुंजाचीं झाडें दिसतात. त्यांचे विलायती भाऊबंद म्हणजे 'विलो'. इंग्लंडमधील चिपिंग नॉर्टन येथील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकानें १७५७ च्या सुमारास सहज या झाडाची साल चाखून पाहिली, आणि तिच्या कडूपणामुळें त्यास सिंकोनाची आठवण झाली. सिंकोना महाग, विलो दाराशीं. शिवाय हिवताप दलदलींत होतो आणि विलोहि दलदलींतच वाढतो. ज्या जागीं रोग त्याच जागीं ईश्वरानें औषध ठेविलें असावें, असा त्याचा तर्क. त्यानें साल भाकरी भाजण्याच्या भट्टीशेजारीं सुमारें तीन महिने वाळविली, तिचें चूर्ण केलें आणि सुमारें पन्नास तापकरी माणसांस दिलें. बहुतेकांस उतार पडला. १७६३ च्या एप्रिलांत त्यानें ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्रानें कळविली.

ध्यानांत घ्या कीं, स्टोनचा विषय ताप हा होता, सांधे नव्हेत. सांध्यांशीं या सालीचा संबंध शास्त्रीय रीतीनें जोडण्यास आणखी शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १८२८ सालीं म्यूनिक येथें बूख्नर यानें सालींतून सॅलिसिन हें कडू पिवळसर सत्त्व काढलें. १८३८ सालीं इटालियन रसायनज्ञ पिरिया यानें त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळविलें. पुढें डंडी येथील वैद्य टॉमस मॅक्लेगन यानें तीव्र संधिज्वराच्या रोग्यांस सॅलिसिन देऊन पाहिलें आणि १८७६ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत आपला अनुभव प्रसिद्ध केला : थोड्याच अवधींत ताप उतरतो आणि सांध्यांची वेदना शमते. मौजेची गोष्ट अशी कीं, संधिज्वर दमट सखल जागीं होतो म्हणून त्याचें औषधहि दमट जागच्या झाडांत शोधावें, हाच स्टोनचा तर्क मॅक्लेगननेंहि केला होता. तर्क चुकीचा, परंतु हातीं आलेली वस्तु खरी. मात्र मॅक्लेगन तर्कावर विसंबून राहिला नाहीं. त्यानें औषध देऊन, ताप मोजून पाहिला. शास्त्राचा आरंभ येथें होतो.

पुढील कथा कारखान्याची आहे. सॅलिसिलिक आम्ल रासायनिक कृतीनें बनविण्याची युक्ति जर्मनींत कोल्बे यानें काढली आणि १८७४ पासून तें कारखान्यांत होऊं लागलें. तें स्वस्त झालें, पण जठराची आग करी. १८९७ च्या ऑगस्टांत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यानें त्याचें शुद्ध अॅसिटिल रूप तयार केलें. १८९९ सालीं तें 'अॅस्पिरिन' या नांवानें बाजारांत आलें. हॉफमननें संधिवातानें पीडलेल्या आपल्या बापासाठीं हा शोध लाविला अशी गोड कथा १९३४ पासून प्रचलित आहे. परंतु त्याच कंपनींतील यहुदी रसायनज्ञ आर्थर आयखेनग्रून यानें १९४९ सालीं, नाझींच्या बंदिवासांतून जिवंत सुटल्यानंतर, हें काम आपल्या मार्गदर्शनाखालीं झालें असें लिहून ठेविलें. त्याचा दावा कंपनीस मान्य नाहीं. तथापि ज्या वर्षीं ती बापाची कथा पुढें आली त्या वर्षीं जर्मनींत यहुद्यांचें नांव घेणें सोपें नव्हतें, हें इतिहासकारास विसरतां येत नाहीं.

ही गोळी वेदना कशी शमविते हें मात्र १९७१ पर्यंत गूढच होतें. त्या वर्षीं इंग्लंडमध्यें जॉन व्हेन यानें दाखविलें कीं, सूज व वेदना वाढविणारीं प्रोस्टॅग्लँडिन नांवाचीं द्रव्यें शरीरांत तयार होण्याची क्रियाच ती अडविते. या संशोधनासाठीं त्यास १९८२ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. याच शोधानें दुसरेंहि एक कोडें उलगडलें. जठराच्या अस्तराचें रक्षणहि अशींच द्रव्यें करतात. म्हणून ज्या क्रियेनें गुडघा शांत होतो, तिनेंच जठरांत व्रण होऊं शकतो. गुण आणि अपाय यांचा उगम एकच. गोळी कृत्रिम म्हणून अपाय करते असें नव्हे. ती काम करते म्हणूनच अपायहि करूं शकते. मग मूळ साल अधिक सौम्य व तितकीच गुणकारी नसेल काय, असा प्रश्न साहजिक येतो. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचण्यांत सालीच्या अर्काचा गुण, झिजेच्या दुखण्यांत काय आणि ऱ्हुमॅटॉइडमध्यें काय, औषधविरहित गोळीहून निश्चितपणें अधिक ठरला नाहीं.

याचा अर्थ आपल्या वनस्पति टाकाऊ असा मात्र मुळींच नाहीं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ मध्यें भिगवण गांवीं चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची पाहणी सुरू केली. शेंकडा सुमारें अठरा जणांस सांधे-स्नायूंचें दुखणें असल्याचें तींत आढळलें. त्यांच्याच नेतृत्वाखालीं गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रोग्यांवर झालेली चाचणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुंठ, गुळवेल, आंवळा आणि सालई किंवा गुग्गुळ यांचे योग, ग्लुकोसॅमिन व सेलेकॉक्सिब या औषधांशीं ताडून पाहिले. वेदना कमी करण्यांत आयुर्वेदीय योग त्यांच्या बरोबरीचे ठरले. परंतु त्याच चाचणींत हे योग घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या यकृताच्या तपासणींत दोष दिसला आणि औषध थांबविल्यावर तो नाहींसा झाला. हें संशोधकांनीं लपविलें नाहीं, यांतच त्या कामाची थोरवी आहे. औषध आपलें असो कीं परकें, त्याची परीक्षा एकाच तराजूंत झाली पाहिजे.

आहारविहाराविषयीं तर जुन्या वैद्यांचा पुष्कळ अंशीं विजयच झाला आहे. शेकाचा गुण कोंकणांतील उन्हाळ्यांच्या पाण्यांत व वज्रेश्वरीच्या कुंडांत बसणाऱ्यांस ठाऊक आहे. इंग्लंडांतील बाथ येथें तर गरम झऱ्यांच्या आधारें १७४२ पासून रुग्णालयच चाललें. शेकानें रोग जात नाहीं, पण आंखडलेला सांधा मोकळा होतो. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासांत १९९२ सालीं असें दिसलें कीं, ज्या स्त्रियांचें वजन दहा वर्षांत सुमारें पांच किलो उतरलें, त्यांना गुडघ्याचा हा विकार होण्याचा संभव निम्म्याहून कमी झाला. मांडीचे स्नायु बळकट करणारा नित्य व्यायाम झिजेच्या दुखण्यांत गुणकारी ठरला आहे. माधवकराच्या अपचन आणि निश्चलता या दोन शब्दांशीं हें सारें ताडून पाहावें.

परंतु ऱ्हुमॅटॉइडची गोष्ट निराळी. येथें शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करीत असतें आणि आरंभीच्या महिन्यांतच हाडांची हानि होऊं लागते. १९८० नंतरच्या दशकांत मेथोट्रेक्सेट या औषधाचा उपयोग सिद्ध झाला, त्यानें रोगाची गति मंदावते. पण तें नियमित रक्ततपासणी करून आणि वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावें लागतें. सकाळीं उठल्यावर तास-तासभर बोटें आंखडणारी, दोन्ही हातांचे सांधे सुजणारी तरुण मुलगी वाताचीच म्हणून वर्षभर काढ्यांवर राहिली, तर तिचीं बोटें वांकडीं होतात आणि मग तीं कोणत्याहि औषधानें सरळ होत नाहींत. उलट, दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या 'निव्वळ जडीबुटी'च्या पुड्यांत तपासणीअंतीं स्टिरॉइड सांपडल्याचीं उदाहरणें कित्येक आहेत. इतक्या झटपट गुणानें हर्ष न होतां संशयच यावा.

तात्पर्य, नैसर्गिक आणि कृत्रिम ही विभागणी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. खरी विभागणी दोन आहेत : एक, पारखलेलें आणि न पारखलेलें यांची, दुसरी, वेदना शमविणारें आणि रोग थोपविणारें यांची. वाळूचा शेक, माफक आहार, रोजचें चालणें यांना घरांत अवश्य स्थान द्यावें. मात्र दुखणें कोणतें आहे याचा निर्णय आजीबाईच्या बटव्यानें करूं नये. स्टोननें साल चाखली, परंतु चाखण्यावर तो थांबला नाहीं. त्यानें ती पन्नास माणसांवर अजमावली आणि मग इतरांच्या परीक्षेसाठीं जगापुढें ठेविली. परंपरेचा मान राखावयाचा तो याच रीतीनें.