घाटकोपरच्या आकाशातील शिट्टी

सांताक्रूझ विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्वपश्चिम पसरलेली असून वारा बहुधा समुद्राकडून वाहत असल्यामुळे, विमाने सामान्यतः घाटकोपर-असल्फ्यावरून उतरतात आणि जुहूच्या अंगाने झेपावतात. या वाटणीत पार्लेकरांकडे झोताचा गडगडाट गेला. घाटकोपरकरांकडे मात्र, वैमानिकाने इंजिन मंद केल्यावर ऐकू येणारी आणि घरातले बोलणे अर्ध्यावर तोडणारी कॉम्प्रेसरच्या पात्यांची कर्कश शिट्टी आली.

१९५२ मध्ये लंडन-कोलंबो मार्गावरची कॉमेट विमाने मुंबईस उतरू लागली, तेव्हा त्यांच्या घोस्ट इंजिनात कॉम्प्रेसरचे, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचे, एकच चक्र हवा मध्यातून ओढून परिघाकडे भिरकावीत असे. रचना सुटसुटीत खरी. परंतु अधिक हवा हवी तर चक्राचा घेर वाढे, आणि त्याबरोबर इंजिनाचा अवजडपणाही. पाते हे विमानाच्या पंखासारखे घडवावे, हा ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांचा १९२६ मधील विचार ज्या रचनेत फळास आला, ती एअर इंडियाने १९६० मध्ये आणलेल्या बोइंग ७०७ च्या कॉनवे इंजिनात होती. तीत फिरत्या पात्यांची रांग हवेस वेग देते, मागची स्थिर रांग तो वेग मोडून त्याचा दाब करते. ही जोडी म्हणजे एक टप्पा. एका टप्प्याची कमाई मामुली, म्हणून कॉनवेत असे सोळा टप्पे होते, आणि हवा आकसत जाई तसतशी पाती आखूड होत बोटाएवढी उरत. मंद गतीत पुढचे टप्पे मागच्यांना न पेलणारी हवा लोटतात, प्रवाह पात्यांवरून सुटतो आणि दाबलेली हवा धडाक्याने उलटते. त्याचा बंदोबस्त म्हणून पुढचे सात टप्पे एका दांड्यावर, तर मागचे नऊ दुसऱ्या पोकळ दांड्यावर आपापल्या गतीने फिरत.

इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलमधील एव्हन इंजिनात सारे टप्पे एकाच दांड्यावर असत. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या अशा एका विमानाच्या इंजिनात, कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्याची पाती जिच्यावर बसवलेली असतात ती चकती धातूच्या थकव्याने पडलेल्या चिरेपासून फुटली. तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली, आणि परत वळलेले विमान कोसळून पंचाण्णव जण, म्हणजे आतील सर्वच, दगावले. सुटलेले पाते इंजिनाच्या कवचात अडवता येते. चकतीचा तुकडा अडवील एवढे जाड कवच केले, तर इंजिन उडण्याजोगे राहत नाही. प्रत्येक उड्डाणात चकती ताणली जाते व सैलावते, म्हणून तिचे आयुष्य या आवर्तनांत मोजून, वरकरणी धडधाकट असतानाच ती बाद करण्याचा दंडक आहे, आणि त्यासाठी एकेका चकतीचा हिशेब तिच्या क्रमांकानिशी दफ्तरी ठेवावा लागतो.