काळ्या रानातल्या स्फुरदाची कुळकथा

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या उसाला सुपर फॉस्फेट घातलं, की त्यातला जेमतेम १५ ते २० टक्के स्फुरद पहिल्या पिकाच्या हाती लागतो. बाकीचा फारसा वाहून जात नाही, रानातच अडकतो. का, ते समजायला गावाजवळच्या झरी पार्श्वनाथाच्या डोंगराकडे बघावं लागतं.

तो कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात ॲपेटाइट या खनिजाच्या बारीक सुया असतात; स्फुरदाचं मूळ घर ते. पावसाच्या किंचित आंबट पाण्यानं दगड झिजतो आणि स्फुरद सुटतो. पुढचं पाऊस ठरवतो.

महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर धो धो पावसानं चुना नि सिलिका धुऊन नेली, लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उरले, तोच जांभा. लोहाचं ताजं खनिज विस्कळीत असतं. एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग, त्यावर स्फुरद घट्ट चिकटतो. वय वाढलं की त्याचे गोएथाइट, हेमॅटाइट असे नेटके स्फटिक बनतात. पृष्ठभाग घटतो, नवा स्फुरद धरायची ताकद कमी होते; आधीचा काही मात्र आत कोंडून जातो. जुनी माती उदार होते, असं कुणी समजू नये. न्यूझीलंडच्या वॉकर आणि सायर्स यांनी १९७६ मध्ये मातीच्या वयाप्रमाणे बदलत जाणारा स्फुरदाचा हा हिशेब मांडला.

कुंडलकडे पाऊस बेताचा. चुना धुऊन गेला नाही, चुनखडीचे खडे होऊन साठला. उन्हाळ्यात भेगाळणारी ही काळी माती अल्कधर्मी, सामू बहुधा ८ च्या पुढे. इथं स्फुरद चुन्याशी बांधला जातो. सुरुवातीचं संयुग सैल असतं, मुळांना त्यातून काही मिळतं. दिवस जातील तसं ते घट्ट होत ॲपेटाइटच्याच वाटेला लागतं.

गंमत अशी, की १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉज यांनी सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं, ते हाच बांध गंधकाम्लानं तोडायची युक्ती म्हणून. कारखान्यानं सोडवलेलं आपलं काळं रान पुन्हा बांधतं.

तेव्हा लागणीला सुपर रानभर फोकू नका. कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत, मुळांजवळ द्या. आणि दुसरं पोतं आणण्याआधी माती तपासून घ्या.