गॉर्डन वॅसन : अळंबीत सोम शोधणारा बँकर

वॅसन, रॉबर्ट गॉर्डन (२२ सप्टेंबर १८९८ – २३ डिसेंबर १९८६). संस्कृती आणि अळंबी यांचा संबंध अभ्यासणारे अमेरिकन हौशी संशोधक. ऋग्वेदातील सोम म्हणजे एक मादक अळंबी, हे त्यांचे मत विशेष गाजले.

सुरुवात कशी झाली?
वॅसन जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष होते. १९२७ मध्ये सहलीत त्यांच्या रशियन पत्नी डॉ. वॅलेन्टिना यांनी रानातली अळंबी हौसेने गोळा करून शिजवली. वॅसन यांना मात्र तिची किळस वाटली. एका समाजाला प्रिय असलेली वस्तू दुसऱ्याला नकोशी का, या प्रश्नातून दोघांचा अभ्यास सुरू झाला.

मेक्सिकोतील अनुभव
जून १९५५ मध्ये मारिया सबिना या मासातेक वैदूबाईंच्या रात्रीच्या विधीत वॅसन यांनी अळंबी खाल्ली. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांनी हा अनुभव लिहिला. पुढच्याच वर्षी आल्बर्ट हॉफमन यांनी या अळंबीतील सायलोसायबिन हे द्रव्य वेगळे केले. (भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली प्रतिबंधित आहे.) लेखात बाईंचे नाव बदलले होते, तरी गावात परदेशी लोकांची रीघ लागली. उपचाराचा विधी बाजारू झाला. गावकऱ्यांनी सबिनांना दोषी धरले, त्यांचे घर जाळले गेले. वॅसन यांनी नंतर या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

सोम म्हणजे अळंबी?
१९६८ च्या ‘सोम’ या ग्रंथात त्यांनी लाल टोपीची ‘अमॅनिटा मस्कारिया’ पुढे केली. ऋग्वेदात सोमाची मुळे, पाने, फुले वर्णिलेली नाहीत आणि तो डोंगरावरचा आहे, हे त्यांचे मुख्य मुद्दे. ही अळंबी भूर्ज, पाइन यांसारख्या झाडांच्या मुळांशी वाढते. वाशीमसारख्या सागाच्या पानझडी मुलखात तिला असा आधार नाही. मैदानात आल्यावर मूळ वनस्पती दुर्मिळ झाली आणि पर्यायी वनस्पती वापरात आल्या, असे वॅसन म्हणत.

पुण्यातून आलेले उत्तर
पुण्याचे वैदिक यज्ञविधींचे अभ्यासक चिं. ग. काशीकर यांनी १९९० मध्ये यज्ञग्रंथांच्या आधारे सोम म्हणजे ‘एफेड्रा’ हे झुडूप, असा निष्कर्ष मांडला. सोमाचे देठ दगडांनी कुटून रस काढत आणि तो लोकरीतून गाळत. एफेड्राच्या काड्यांशी हे वर्णन जुळते. आज अनेक अभ्यासक एफेड्राकडे झुकतात, पण एकमत नाही.