नगरची फराहबाग

सोलापूरकरांनी नगरच्या फराहबागेविषयी ऐकावे, याला एक घरगुती कारण आहे. ही बाग ज्या निजामशाही घराण्याची, त्याच घराण्याची लेक चांदबिबी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न झाले, तेव्हा आंदण म्हणून दिला तो आपला भुईकोट. त्याआधी १५२४ साली विजापूरची राजकन्या नगरला दिली, तेव्हाही हाच किल्ला कबूल झाला होता. तो मिळाला नाही म्हणून व्याह्या-व्याह्यांत लढाया झाल्या!

सोलापूर रस्त्याने नगर जवळ आले, की लष्कराच्या रणगाडा-संग्रहालयापाशी ही वास्तू लागते. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी दुमजली महाल, उंच कमानी, आत घुमटाचे दालन. आधीचे काम मुर्तुजा निजामशहाच्या मनास आले नाही, म्हणून ते पाडून पुन्हा बांधविले, असे सांगतात. १५८३ साली ते पुरे झाले. परंतु राजाने एकांत धरला होता. कारभार सलाबतखानाने पाहावा. १५८८ साली मुलानेच बापाचा घात केला. त्या वेळी या दरबारी चाकरीस असलेला फिरिश्ता पुढे विजापुरास गेला आणि तेथे त्याने हा इतिहास लिहिला.

शहाजहानला ताजमहालाची कल्पना येथे सुचली, असे नगरकर अभिमानाने सांगतात. अभिमान समजतो, पण मध्ये घुमट आणि भोवती आठ दालने हा आराखडा मूळ इराणचा. त्याला ‘हश्त-बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, म्हणतात. दिल्लीची हुमायूनची कबर त्याच धर्तीची, आणि या महालाहून जुनी.

माझ्या मते खरे नवल पाण्याचे आहे. नगरचा मुलूख आपल्यासारखाच अवर्षणाचा. तेथे दूरच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालून खापरी नळांनी, केवळ उताराच्या बळावर शहरात आणि बागांत खेळविले होते. तळ्यावरून येणारा वारा महाल थंड ठेवी, काठावर झाडी. खापर फुटते, नळात गाळ साचतो. तो उपसणारी माणसे राज्याबरोबर गेली. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, चांदबिबी मारली गेली. दगड-चुना तेवढा उरला. तळे आज एरवी कोरडे असते.

पाहावयास गेलात तर एकदम महालात शिरू नका. आधी तळ्याच्या तळाशी उभे राहा. किती पाणी आणावे लागले असेल, याचा अंदाज तेथूनच येतो.